गुरुजींचं मौन

लोट रे ते दार, गार वारा शिरतोय. मोबाईल खाली ठेवा. झाडावरची हडळ-बिडळ माझ्याकडे नाही, आधीच सांगतो. हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. मागच्या वर्षी, सोळा जानेवारीला, गुरुवारच्या रात्री.

जेवणं उरकली होती. तेवढ्यात बहिणीला प्रार्थनेच्या हॉलमधून गुरुजींचा फोन आला. सकाळी सभा आहे आणि माईकमधून नुसती खरखर येतेय, पोरीला पाठवा. हॉलमधले माईक, स्पीकर, वायरी सगळं भाचीच बघायची. अठरा वर्षांची पोर, पण त्या कामात हात बसलेला. ती म्हणाली, "आई, सकाळी लवकर जाऊन बघते ना." बहीण म्हणाली, "गुरुजी थांबलेत आणि तू सकाळचं काय सांगतेस? जा पटकन."

गेली बिचारी. आणि बहीण निर्धास्त झोपली. मुलगी गुरुजींकडे आहे म्हटल्यावर काळजी कसली?

आता ती खरखर कसली, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

भाचीची एक मैत्रीण होती, बेकरीवाल्याची मुलगी. दोघींचं अगदी गूळपीठ. भाचीची वेणीसुद्धा रोज तीच घालायची. त्या मुलीला दमा होता. गुरुजींची पद्धत अशी, की तरुण पोरापोरींनी एकेकट्यानं त्यांच्या खोलीत जायचं आणि मन मोकळं करायचं. "या खोलीतलं या खोलीतच राहील," असं ते म्हणायचे. तुमच्या वयाच्या पोरांचं घरी कोण ऐकून घेतं? गुरुजी ऐकायचे. पोरं जीव ओवाळून टाकायची त्यांच्यावर. तर ही मुलगी एक दिवस बोलून गेली, "गुरुजी, डोळे मिटले की मला काहीच जाणवत नाही. प्रार्थना खोटी खोटी वाटते. मला इथून जायचंय, नर्स व्हायचंय."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस, बाळ."

आणि दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत माईकवरून सगळं सांगितलं. तिचं नाव घेऊन. वर तिची नक्कल केली. बोलताना तिला धाप लागायची, तशी धाप काढून दाखवली. हं... हं... हं... लोक हसले. तिची आईही हसली. गुरुजींनी भाचीला खूण केली, आवाज वाढव. तिनं वाढवला.

मग शिक्षा. माफी मागेपर्यंत त्या मुलीशी कुणी बोलायचं नाही. "ती सोंगं करील," गुरुजी म्हणाले. "तेव्हा जो दार उघडेल, तोच तिला बुडवेल." मुलगी हट्टी. माफी मागेना. आई तिच्यापुढे ताट सरकवायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

एका रात्री तिला झटका आला. दम्याचा पंप संपलेला. बाप भट्टीवर. तिनं आईला हलवलं, आईनं कूस बदलली. सोंग! मग पोर गल्लीत आली. हाक मारायला श्वास नव्हता, म्हणून दारं ठोठावत गेली. घराघरांत दिवे लागले आणि विझले. दार एकही उघडलं नाही. भाचीच्या दाराशी ती खूप वेळ होती. आतल्या बाजूला भाची कडीवर हात ठेवून उभी होती. नुसती उभी...

सकाळी ती मुलगी हॉलच्या पायरीवर सापडली. थंडगार.

गुरुजी सभेत म्हणाले, "आपण नियम पाळला. नेणं-आणणं देवाच्या हातात." आणि लोकांनी माना डोलावल्या. आपल्याच पोरीला मारून माना डोलावल्या रे.

"मग मामा, भाचीचं काय झालं?"

सांगतो. मध्ये बोलू नका आता.

ती हॉलमध्ये शिरली तेव्हा गुरुजी एकटेच होते, शाल पांघरून खुर्चीत बसलेले. "बघ गं, काय बिघडलंय."

तिनं माईक चालू केला.

खरखर नव्हती ती.

हं... हं... हं...

तिनं माईकची वायर काढली. आवाज चालूच. ॲम्प्लिफायर बंद केला. चालूच. भिंतीतला प्लग उपटून हातात घेतला...

हं... हं...

गुरुजी उठले. "बंद कर ही थट्टा."

"मी नाही करत, गुरुजी."

"मला शिकवतेस? कडीवर हात ठेवून उभी होतीस, हे माझ्यापुढे रडत कुणी सांगितलं? उद्या सांगू माईकवर? तिच्या बापाला कळू दे."

हो, तेही तिनं त्यांनाच सांगितलं होतं. दुसरं होतं कोण सांगायला?

तेवढ्यात आवाज थांबला. एकदम.

गुरुजींनी पुढचं बोलायला तोंड उघडलं. शब्द आला नाही.

धाप आली.

त्यांनी घसा धरला. डोळे तारवटले. एक हात तिच्याकडे पसरला.

ती मागे सरली. आणखी मागे. बाहेर आली. दार ओढून घेतलं.

नुसतं ओढलं. कडी नाही. कुलूप नाही. आतून खेचलं की उघडणारं दार.

ते उघडलं नाही.

ठक... ठक ठक...

ती पायरीवर बसली. दाराकडे पाठ करून. तीच पायरी.

ठक ठक ठक...

समोरच्या घरात दिवा लागला. विझला.

"मामा," ती मला म्हणाली, "मी उठू शकले असते."

"मग?"

"नाही उठले."

ठक...

ठक...

मग काहीच नाही.

सकाळी सभेला आलेल्यांनी दार लोटलं. सहज उघडलं. गुरुजी आत जमिनीवर पडले होते. जिवंत होते, मेले नाहीत. नखं फुटलेली. वाचा गेलेली. ती आजतागायत आली नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही.

आणि लोक? लोक म्हणाले, गुरुजींनी मौन धरलं! गर्दी दुप्पट झाली. रोज त्यांना खुर्चीत बसवतात, समोर माईक ठेवतात. माईकमधून धाप येते. हं... हं... सगळे डोळे मिटून, हात जोडून ऐकतात. बेकरीवाल्याची बायको पहिल्या रांगेत असते.

भाची आता माझ्याकडेच राहते. तिला विचारायला जाऊ नका हं, कुणीही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी नेमका बहिणीकडे पोचलो, आणि माझ्यामागोमाग भाची घरात शिरली. तिची आई तिच्या पाठीकडे बघतच राहिली. रात्री न्हाऊन, ओल्या मोकळ्या केसांनी गेलेली पोर. आता वेणी होती. घट्ट, नीटस, पार शेंड्यापर्यंत.

"कुणी घातली गं?"

भाचीनं हात मागे नेला. चाचपून पाहिलं.

चार पेडांची वेणी होती, पोरांनो. आमच्या घरात ती कुणालाच येत नाही.