फॉर्मवर खरं कारण लिहिलं

"हे खोड," तो म्हणाला, "नाहीतर घरी जा."

शूटिंग रेंजच्या फॉर्मवर 'कशासाठी शिकायचंय?' असं विचारलेलं. मी खरं लिहिलं होतं... सेल्फ-डिफेन्स.

"का? खोटं लिहू?"

"ऑस्ट्रेलियात स्वतःला वाचवायला बंदूक मिळत नाही, मॅडम. स्पोर्ट लिही."

डोकंच फिरलं माझं. पण लिहिलं.

तो यतीन. वीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीत शिकतो, शनिवारी रेंजवर शिकवतो. मी मैथिली, अठरा. यर इलेव्हनला, म्हणजे अकरावीत, शाळा सोडली, सिडनीत वेस्टमीडला एका फार्मसीत काम करते. धवलही तिथेच कामाला होता. त्याने बाहेर भेटायला विचारलं, मी नाही म्हटलं. तेव्हापासून सात महिने तो रोज स्टेशनबाहेर उभा.

"खांदा सैल सोड," यतीन म्हणायचा. "अर्धा श्वास सोड... थांब... आता."

"तू एवढा जवळ का?"

"सेफ्टी."

"कोणाची?"

त्याचे कान लाल व्हायचे. मग माझा नेम हमखास चुकायचा.

एकदा त्याने विचारलं, "कागदाच्या टार्गेटवर एवढा राग?" तेव्हा मी धवलचं सांगितलं. तो हसला नाही.

"तो कागद नाहीये, मैथिली. दिसला की पळ. ओरड."

"मग इथे काय शिकतेय मी?"

"घाबरलेली असताना नीट बघायला... बहुतेक."

जूनमधल्या एका आर्व्होला, दुपारची शिफ्ट संपल्यावर, कार पार्कमध्ये, धवलने माझं मनगट पकडलं. "एकदा फक्त बोल ना." मग आपोआप अर्धा श्वास सुटला, आणि सगळं स्वच्छ दिसलं. त्याची पांढरी माझदा, तिचा नंबर, डावीकडे दोन गाड्यांमधली फट. अशी किंचाळले की तिघं धावत आले. तो पळाला. नंबर मी पोलिसांना दिला.

शनिवारी रेंजवर गेले, पण आत नाही. बाहेर बाकावर बसले. पत्र्यावर पाऊस, आतून गोळ्यांचे आवाज. यतीन धावत आला; मेसेजवर मी त्याला सगळं कळवलं होतं.

"कसली भारी आहेस तू!"

"ऐक ना. त्याच्या छातीवर मला टार्गेटचे गोल दिसले. आणि माझं बोट वाकलं... असं. हातात काही नव्हतं म्हणून तो जिवंत आहे."

तो माझ्या शेजारी बाकावर बसला.

"घाबरलास मला?"

"हो. थोडा."

"तरी बसलायस?"

"तरी... बसलोय."

"मी आता इथे येणार नाही."

"मग मी शनिवारी कुणावर ओरडू?"

मला हसू आलं नाही. "गुरुवारी कोर्ट आहे. धवल समोर असणार. आईला म्हटलं, नो वरीज, एकटी जाते." असलं कधी कुणाला सांगितलेलं नाही मी. "मला भीती वाटते, यतीन. आणि तू असलास की... कमी वाटते."

त्याने हात बाकावर उघडा ठेवला. माझ्याकडे सरकवला नाही, नुसता ठेवला.

"किती वाजता?"

"दहा," मी म्हटलं, आणि तो हात मी धरला.