सत्तावीस काठ्या

"हे इथं ठेवा," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातली क्रीमची ट्यूब अलगद काढून घेतली.

ती नुकतीच बोटीतून धक्क्यावर उतरली होती. पाय अजून डुलत होते. समोर एक लाकडी टेबल, आणि टेबलामागे उन्हानं रापलेला हा माणूस, बेटावर येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी शांतपणे तपासणारा.

"आणि माझं नाक भाजलं तर?"

"टोपी घाला."

"पाण्याखाली?"

त्यानं वर पाहिलं. हसला नाही, पण हसू दाबलंय हे तिला कळलं. "पाण्याखाली ऊन कमी लागतं. हे क्रीम पाण्यात उतरतं आणि पोवळ्यांना बाधतं. जाताना परत मिळेल."

तिचं शहरात चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे. समोरचा माणूस नेमका कुठं बघतोय हे ओळखण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. एका गिऱ्हाइकानं एकदा तिला समुद्राखालच्या पोवळ्यांचा फोटो दाखवला होता. ते रंग खरे असतात का, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यातून जाईना. म्हणून ती आली होती. एकटीच.

पण आलं आणि मारली उडी, असं इथं चालत नव्हतं. आधी परीक्षा. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात, वाळूत, सत्तावीस बारीक काठ्या उभ्या खोचल्या होत्या. पाठीवर हवेची टाकी, पायात रबरी पंख, आणि दहा मिनिटं त्या काठ्यांमधून फिरायचं. एकही पडता कामा नये. आठवड्यात तीन संधी. तिन्ही हुकल्या की किनाऱ्यावर बसून समुद्र बघायचा आणि घरी जायचं. परीक्षा घेणारा हाच, टेबलामागचा. बेटावरचं हे डुबक्यांचं केंद्र चालवायची त्याची मोठी बहीण. तिला सगळेच ताई म्हणत.

पहिल्या दिवशी तिनं नऊ काठ्या पाडल्या.

"नऊ म्हणजे फार का हो?"

"इथलं पोवळं वर्षाला नखाएवढं वाढतं," तो म्हणाला. "तुम्ही सकाळपासून दोन-तीनशे वर्षं मोडलीत."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"बघणं हेच माझं काम आहे."

मग तो तिला शिकवायला लागला. हात मारायचे नाहीत. श्वास घेतला की अंग वर येतं, सोडला की खाली जातं, तेवढ्यावर तरंगायचं. ती शिकायची कमी आणि विचारायची जास्त. पोवळं झोपतं का? त्याला भूक लागते का? शेजारच्या पोवळ्याशी त्याचं भांडण होतं का? माहीत असेल ते तो लगेच सांगायचा. नसेल तर म्हणायचा, "बघून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी उत्तर घेऊन हजर.

"भांडतात," एका सकाळी तो समोर बसत म्हणाला. "रात्री. एकमेकांना डसतात."

"शेजारीच ते," ती म्हणाली. "दुसरं काय करणार?"

ताई पलीकडे कप धूत होती. "माझ्याशी हा आठवड्यात दोन वाक्यं बोलतो," ती म्हणाली, "आणि तीही टाक्यांबद्दल."

त्याचे कान लाल झाले. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या परीक्षेत दोन काठ्या पडल्या. राहिली शेवटची. ती परतीच्या बोटीच्या आदल्या दिवशी होती.

तिसऱ्यांदा ती पाण्यात शिरली तेव्हा सगळं जमून आलं. श्वास लांब, अंग हलकं. तो समोर हातभर अंतरावर, पाटी धरून तरंगत होता. आठव्या मिनिटाला तिच्या डाव्या पंखाला काहीतरी लागलं... अगदी ओझरतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तिच्या पायांकडे नव्हतेच. ते तिच्या चेहऱ्यावर होते. मास्कच्या दोन काचांमधून सरळ तिच्याकडे बघत होते.

वर आल्यावर त्यानं पाटीवर लिहिलं — पास.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. गप्प राहणं किती सोपं होतं. पण त्या पोवळ्यांत तिचा पाय असाच लागला असता तर?

"तुम्ही माझ्या पायांकडे बघत नव्हता," ती म्हणाली. "मला काहीतरी लागलंय."

तो पाण्याखाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या हातात एक काठी होती.

"काय रे?" ताई धक्क्यावरून म्हणाली. "नऊ वर्षांत तुझी एक काठी चुकली नाही. लक्ष कुठं होतं?"

"नव्हतं," तो म्हणाला.

"कुठं होतं म्हणतेय मी."

त्यानं पाटीवरचं अक्षर अंगठ्यानं पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. "हिची परीक्षा तू घे, ताई. माझ्याच्यानं नीट होणार नाही."

ताईनं दोघांकडे पाहिलं. चूक परीक्षा घेणाऱ्याची, तेव्हा परीक्षा पुन्हा, असं ठरवून तिनं त्याला टाक्या भरायला पिटाळलं आणि स्वतः पाण्यात उतरली. ताईची नजर दहा मिनिटं पायांवरून ढळली नाही. सत्तावीसच्या सत्तावीस काठ्या उभ्या राहिल्या.

"पास," ताई म्हणाली. "पण खाली मी नेणार. साहेब बोटीवर थांबतील."

त्या दुपारी तिनं पोवळी पाहिली. रंग फोटोसारखे नव्हते. जास्त मंद होते, जांभळे, शेवाळी, मधासारखे, आणि ते सगळं जिवंत होतं. एक मासा तिच्या बोटांपाशी येऊन, तिला नीट न्याहाळून, कंटाळून निघून गेला.

वर आल्यावर त्यानं हात देऊन तिला बोटीत घेतलं.

"कसं होतं?"

"खरं होतं," ती म्हणाली. "पण मी मधेच वर बघत होते. ताईंनी दोनदा टोकलं मला."

"वर काय होतं?"

"बोटीचा तळ."

"त्यात बघण्यासारखं काय..." तो थांबला.

"विचार करा," ती केस पिळत म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

त्याला धक्क्यापर्यंत वेळ लागला. बोट टेकली, तो दोरी घेऊन धक्क्यावर उतरला आणि तसाच उभा राहिला.

"पावसाळ्यात बेट चार महिने बंद असतं," तो म्हणाला. "मी तुमच्या शहरात येईन. तुम्ही मला आवडता... पहिल्या दिवसापासून. तुम्ही नऊ काठ्या पाडल्यात तेव्हापासून."

"मोजल्या होत्या वाटतं?"

"त्या दिवशी मोजता येत होत्या."

तिला हसू आलं. "या," ती म्हणाली. "मी वाट बघेन."

"दोरी बांध रे आधी," ताई म्हणाली.

बोट धक्क्यापासून चांगली हातभर लांब गेली होती. त्यानं दोरी ओढली. केस तसेच ओले सोडून ती उठली, दोरी बोटीच्या बाजूनं घट्ट धरली आणि तीही ओढायला लागली.