नोटिशीखालची सही

“माझे मालक गेले. आता त्यांचा निकाल बदलून काय उपयोग, असं समदे म्हणत्यात. पर चोर म्हणून गेले ते. तेवढं पुसायचंय मला.”

भिवराबाई खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. समोर बीडमध्ये खाजगी तपासाची कचेरी चालवणाऱ्या सत्यभामा गर्जे आणि त्यांचे सहकारी, निवृत्त मास्तर सुंदरराव.

२०१६ चा उन्हाळा होता. शिरूर कासार तालुक्यातल्या तिच्या गावात टँकरचं पाणी जलसेवा मंडळाच्या टाकीत पडायचं, ते फक्त सभासदांना मिळायचं. दोन मार्चला संध्याकाळी टँकर आला आणि सकाळी टाकी कोरडी सापडली. तिच्या नवऱ्यानं, शहादेवनं, रात्री पाणी चोरायला तोटी सोडली आणि सगळी टाकी वाहून गेली असं ठरलं. वीस तारखेच्या बैठकीत त्याचं सभासदत्व काढलं. घरचं पाणी बंद झालं. आठव्या दिवशी दूरच्या पडक्या विहिरीत घागर घेऊन उतरताना तो दगडांसकट खाली गेला.

“त्यांच्यावरच आळ का?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“टँकरच्या खेपा कमी कावून पडत्यात, असं त्यांनी बैठकीत विचारलतं.”

“नोटीस मिळाली होती?”

“कागदाचा कपटाबी न्हाई. निकाल झाला तवा ते परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या कामावर गेलते.”

गावात मंडळाचे अध्यक्ष राधाकिशन यांनी फाइल पुढे केली. “पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, असा नियमच हाय. सचिव अर्जुनरावांनी चार तारखेला नोटीस दिली. ही खाली पोच म्हणून सही. माणूस आलाच न्हाई.”

भिवराबाईनं कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. “सही त्यांचीच हाय.”

“मग संपलंच,” सुंदरराव पुटपुटले.

सत्यभामाबाई कागद बघतच राहिल्या. वरचा मजकूर ऐसपैस होता. शेवटच्या दोन ओळी मात्र दाटीवाटीनं लिहिलेल्या, सहीजवळ येताच वर सरकलेल्या.

टाकीचा राखणदार निवृत्ती म्हणाला, “टँकर आला तवा मी न्हवतो. अर्जुनरावांनी शिरूरला धाडलतं. सकाळी बघतो तर तोटी उघडी. तिथंच तोटीखाली सतरंजी टाकून बसलो.”

अर्जुनरावांनी पाहुण्यांना मागच्या ओसरीवर बसवलं. “त्या रात्री शहादेवला टाकीजवळ मी डोळ्यांनी बघितला,” ते म्हणाले. त्यांच्या मागे मोसंबीला नवी पालवी होती.

“बाग छान राखली,” सुंदरराव म्हणाले.

“बोअरला थोडं पाणी हाय.”

बोअरचे उपसलेले पाइप भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडांवर कोळ्यांनी जाळी धरली होती.

भिवराबाईच्या शेजारच्या बायनाबाईनं शेवटची गोष्ट सांगितली. “माघात अर्जुनरावांनी समद्यांच्या सह्या घेतल्या, कोऱ्या कागदांवर. टँकरच्या अर्जाला लागत्यात म्हणले.”

दुसऱ्या दिवशी राधाकिशन यांनी सभासदांना बोलावलं. सत्यभामाबाई उभ्या राहिल्या.

“सही खरी आहे, नोटीस खोटी. मजकूर लिहून झाल्यावर माणूस त्याखाली सही करतो. इथं मजकूरच सहीला चुकवत चाललाय. म्हणजे सही आधी झाली, कोऱ्या कागदावर.”

“पण मग पाणी कुणी सोडलं?” सुंदररावांनी विचारलं.

“कुणीच नाही. हजारो लिटर पाणी त्या मातीत सांडलं असतं, तर सकाळी निवृत्तीला तिथं सतरंजी टाकता आली असती का? चिखल नव्हता, कारण टाकी भरलीच नव्हती. राखणदाराला शिरूरला धाडलं, टँकर मोसंबीत रिकामा झाला आणि कोरड्या टाकीची तोटी नुसती उघडून ठेवली. ज्या बोअरचे पाइप वर काढलेत, ते बाग कशी जगवेल? शहादेव खेपा विचारत होते. त्यांना बोलू दिलं असतं, तर हे तेव्हाच उघडं पडलं असतं.”

राधाकिशन खाली बघत म्हणाले, “मी नुसती सही बघितली. त्याच्या घरी जाऊन एकदा विचारलं न्हाई.”

शहादेववरचा ठराव तिथंच रद्द झाला. मग मागून कुणीतरी ओरडलं, “अर्जुनरावला काढा! आत्ताच काढा!” भराभर हात वर झाले.

भिवराबाई उठली.

“हात खाली घ्या. त्याला नोटीस द्या. पंधरा दिस द्या. काय सांगायचंय ते समद्यांनी बसून ऐका, मग काढा.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “माझ्या माणसाला एवढंबी दिलं न्हाई तुमी.”

हात एकेक करून खाली आले.