डा. की दा.

नया बाज़ारातल्या पाटीवाल्याने त्या महिन्यात एकच मजकूर, नव्या राज्याचं नाव, बत्तीस वेळा रंगवला.

ताज्या गाठीचा तुकडा थंड गॅसने दगडासारखा गोठतो आणि तळहाताच्या उबेने पुन्हा मऊ पडतो.

इंदरगंजातला शिंपी गिऱ्हाइकांच्या चोळ्यांची मापं तोंडपाठ ठेवी.

मराठीत डावी. हिंदीत दायीं, म्हणजे उजवी.

ऑक्टोबर १९५६. राज्य मोडून नवं राज्य व्हायला आठवडा उरला होता. लष्कर शहरातल्या एका इस्पितळात डॉ. भालचंद्रांची खोली शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून होती. मधल्या भिंतीत एक खिडकी. बाई भुलीखाली असतानाच स्तनातल्या गाठीचा तुकडा त्या खिडकीतून येई. मदतनीस दौलतसिंह तो गोठवी, पातळ काप काढी, निळ्या रंगात बुडवून काचेवर पसरी. भालचंद्र सूक्ष्मदर्शकातून पाहून दहा मिनिटांत सांगत, कर्करोग आहे की नाही. त्या एका शब्दावर सर्जन कृष्णराव स्तन काढत, नाहीतर टाके घालत.

"हे गोठवायचं यंत्रपण नव्या राजधानीला, भोपाळला जाणार म्हणे," दौलतसिंह म्हणाला. "जाऊ द्या. अडलं की लाथ कुठे मारायची, ते तिकडे कोण सांगणार?"

"तू जा बरोबर."

"मी तर खोक्यात मावणार नाही, साहेब."

ऑक्टोबरच्या एक तारखेपासून शस्त्रक्रियेच्या चिठ्ठ्या हिंदीत झाल्या होत्या. उजवीला 'दा.', डावीला 'बा.'. वॉर्डातल्या परिचारिका सुमनताईंनी जन्मभर डावीला 'डा.' लिहिलेलं. महिन्याभरात दोनदा त्यांच्या हातून डावीच्या जागी 'दा.' गेलं. दोन्ही वेळा कृष्णरावांनी उजवीकडे चाचपलं, आणि दोन्ही वेळा तिथे गाठ लागली. काचेवर कर्करोगच निघाला. भालचंद्रांनी वहीत 'योगायोग' एवढंच टिपलं.

आज टेबलावर इंदुताई होत्या, भालचंद्रांची आत्येबहीण. रविवारी त्यांनी डावीकडे हात ठेवून सांगितलं होतं, "भालू, इथे. हरभऱ्याएवढी. यांना सांगू नकोस, हे आधीच रडायला बसतील."

चिठ्ठीवर होतं: इंदुताई, ४२, दा.

भालचंद्रांनी काचेवर डोळा लावला. पेशींची दाटी, काळपट केंद्रकं, कसलीच रांग नाही. शंकेला जागा नव्हती.

"काय भालचंद्र? आहे?" खिडकीतून कृष्णराव.

"आहे. पण बाजू चुकली. गाठ डावीकडे होती."

"उजवीकडे माझ्या बोटाखाली आहे ती. डावी साफ आहे."

भालचंद्रांनी टाक उचलला. चुकीची नोंद दुरुस्त करायची, एवढंच. 'दा.' खोडून त्यांनी पूर्ण अक्षरात लिहिलं: डावी.

मग सवयीने पुन्हा पाहिलं.

तीच काच. चरबी. नीट रांगेतल्या नळ्या. बाकी काही नाही.

"काच बदललीस?"

"हात नाही लावला, साहेब. कसम से."

खिडकीपलीकडे हत्यारांचा आवाज थांबला.

"भालचंद्र," कृष्णराव हळू बोलले, "उजवीकडची गाठ सापडत नाही."

कृष्णरावांनी डावीकडे चाचपलं. गॅसच्या नळीतून बारीक सूं चालू होतं.

"डावीकडे आहे."

भालचंद्रांचा टाक पुन्हा चिठ्ठीकडे गेला. 'डावी' खोडता आली असती. पण मग लिहायचं काय? रकाना बाजूचा होता. त्यात दोनच उत्तरं बसत होती.

त्यांनी टाक ठेवला.

डावीकडचा तुकडा आला. नऊ मिनिटं लागली.

"आहे," ते म्हणाले.

कृष्णरावांनी डावा स्तन काढला.

सकाळी सात वाजता, चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वी, इंदुताई सुमनताईंना म्हणाल्या होत्या की दोन्हीकडे नीट चाचपून पाहिलं, गाठ आता कुठेच लागत नाही.