पिळाचा सूर

कुणाचं तरी घड्याळ टिकटिकत होतं आणि ते आपलं आहे असं कुणी कबूल करत नव्हतं.

कोरसच्या आठ मुली माइकसमोर उभ्या होत्या. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने तिसऱ्यांदा काम थांबवलं, हेडफोन गळ्यात अडकवले आणि बाहेर येऊन तो एकेकीसमोर कान देऊन उभा राहू लागला. त्याचे कान इतके तिखट होते की अख्खा स्टुडिओ त्याला कानसेन म्हणायचा. मागच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीपाशी येऊन तो थांबला.

"तुमच्या पर्समध्ये कुणीतरी चालतंय," तो म्हणाला.

"बाबांचं घड्याळ आहे," ती म्हणाली.

"त्याला ताल आहे हो. फक्त आपल्या गाण्याचा नाही."

मुली खुसखुसल्या. तिने घड्याळ काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटाला बोट लागलं… तेवढंच. पण नंतरच्या टेकमध्ये ती पहिल्याच ओळीला श्वास घ्यायची विसरली, आणि ते काचेपलीकडे त्याला ऐकू गेलं असणार, या विचाराने तिचे कान गरम झाले.

घरी तिला बारकी म्हणत. आठ जणींत ती सगळ्यांत बुटकी, तरी उभी कायम मागच्या रांगेत. फोटो काढायची वेळ आली की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "तू जरा मागे हो ना, उजेड नीट पडत नाही." उजेडाचं काही नव्हतं. बारकी काळी होती, केस दाट कुरळे होते. तिच्या पणजोबांना गोदी बांधायला जहाजातून आणलं होतं. चार पिढ्या गोदीमागच्या वस्तीत गेल्या, तरी भेटेल तो विचारायचा, "मूळची कुठली?"

"गोदीमागची," ती सांगायची.

"नाही, त्याच्या आधीची?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात होते."

रेकॉर्डिंग संपल्यावर कानसेनने घड्याळ परत दिलं. "पाच मिनिटं मागे होतं. लावून दिलंय," असं तो म्हणाला आणि आभाराची वाट पाहत उभा राहिला. बारकीचा चेहरा उतरला.

"ते मागेच असतं. गोदीचा सुटीचा भोंगा पाच मिनिटं उशिरा वाजायचा, माणसांकडून तेवढं जास्त काम काढायला. आमच्या वस्तीतली सगळी घड्याळं भोंग्यावर लावलेली. आता भोंगाही नाही आणि बाबाही नाहीत."

त्याने घड्याळ पुन्हा हातात घेतलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि काटे बरोबर पाच मिनिटं मागे नेले. त्याचं स्वतःचं घड्याळ सेकंदाला चुकत नसे. "माफ करा," तो म्हणाला. "काही चुकलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात."

"चुकलेलं नव्हतं."

"तेच म्हणतो. आधी विचारायला हवं होतं."

चूक झाल्यावर आढेवेढे न घेता माफी मागणारे पुरुष बारकीने फारसे पाहिले नव्हते. घरी पोचेपर्यंत ती त्याच्यावर भाळली होती. हे मान्य करायला तिला आणखी महिनाभर लागला, ती गोष्ट वेगळी.

तो महिना मागच्या जिन्यावर गेला. यंत्रातली पांचट कॉफी, दोन पायऱ्यांचं अंतर, मग एका पायरीचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याने तिला बरंच काही विचारलं. गाते कधीपासून, झोपते किती, रागावली की काय करते… पण मूळची कुठली, हे एकदाही विचारलं नाही. बारकीने ते मनात नोंदवून ठेवलं होतं.

एका दुपारी पाऊस तिरका आला आणि स्टुडिओची खिडकी उघडी राहिली. पियानोवर घातलेली जाड चादर चिंब झाली. कानसेन ती एकटाच पिळायला गेला आणि आपलेच बूट भिजवून बसला.

"सोड, तुला नाही जमायचं," बारकी म्हणाली. "हे एकट्याचं काम नाही. ते टोक धर. मी इकडून पिळते, तू उलटा पीळ."

तिची आई लाँड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी तिथे येत. यंत्र एकच, तेही बहुतेक वेळा रुसलेलं, त्यामुळे वस्तीतल्या बायका दोघी-दोघींनी चादरी पिळायच्या आणि पिळताना गायच्या. बारकीच्या तोंडी ते गाणं आपसूक आलं.

"पीळ गं सये, पीळ… समुद्र अजून ओलाच आहे…"

पीळ बसला की चादर आखूड होते. एकेक पाऊल पुढे टाकावं लागतं. दोघं जवळ येत गेली. शेवटचा पीळ आवळताना तिचा सूर किंचित खाली घसरला आणि दोन सुरांच्या मधेच कुठेतरी थांबला. आता दोघांच्या मुठींत वीतभर अंतर होतं. पाणी टपटपत होतं.

"हा… हा सूर पियानोवर नाही," तो हळूच म्हणाला.

"पियानो कधी चादर पिळतो का?"

तो हसला नाही. तिच्याकडे बघतच राहिला. "काय म्हणता तुम्ही त्या सुराला?"

"पीळच म्हणतो. तो आला नाही तर आई म्हणते, पाणी राहिलंय."

दुसऱ्या दिवशी तिला विचारून त्याने ते गाणं रेकॉर्ड केलं आणि तिला विचारूनच संगीतकाराला ऐकवलं. संगीतकार एका मोठ्या सिनेमाचं काम करत होता. सिनेमाची नायिका गोदीवरची मुलगी होती आणि तिला शोभेल असं गाणं त्याला सापडत नव्हतं. ऐकता ऐकता तो खुर्चीतून उठला. गाणं बारकीचं, आवाज बारकीचा, पडद्यावर नाव बारकीचं, असं ठरलं. आई ते ऐकून ओल्या हातांनीच खाली बसली.

"आपला पीळ सिनेमात?" ती दोनदा म्हणाली. "मग सगळ्यांना कळेल की हे आपलं आहे."

आईच्या या एका वाक्यासाठी बारकी गायली. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती एकटी, पुढे, माइकसमोर. पिळाच्या जागी संगीतकाराने भुवई उंचावली, "हा एक सूर जरा…" म्हणाला. तिने पुन्हा गाऊन दाखवला, तसाच. "राहू दे," तो म्हणाला. काचेपलीकडे कानसेनने अंगठा वर केला. त्या संध्याकाळी जिन्यावर दोघं एकाच पायरीवर बसली. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांदा ताठरला, मग सैलावला.

"सिनेमा लागला की तुला काहीतरी विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ताच विचार ना."

"नाही. सगळं नीट होऊ दे… मग."

सिनेमाशी संबंधित माणसांसाठी पहिला खेळ होता. आईने बाबांचं घड्याळ मनगटावर बांधलं होतं. बारकी आईच्या आणि कानसेनच्या मधे बसली. मध्यंतरानंतर पडद्यावर गोदी आली आणि नायिका आली. ती एरवी दुधासारखी गोरी. इथे तिच्या अंगाला काळपट रंग फासला होता, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप होता, आणि ती चादर डोक्यावरून गरगर फिरवत नाचत होती. मागे नाचणाऱ्या बायकाही तशाच रंगवलेल्या. एकीच्या कानामागे रंग लावायचा राहून गेला होता. बारकीला सारखं तेवढंच दिसत होतं.

ठीक आहे, तिने स्वतःला समजावलं. डोळे मिटायचे. आवाज तर माझा आहे.

तिने डोळे मिटले. पिळाची जागा आली. सूर खाली घसरलाच नाही. तो गुळगुळीत उतरला आणि पियानोच्या पट्टीवर नेमका जाऊन बसला. पुढच्या कडव्यातही तसंच झालं आणि शेवटीही तसंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई तिच्याकडे वाकली. "छान आहे गं. आपलं याच्यानंतर येणार का?"

बारकीने आईचा हात घट्ट धरला, इतका की घड्याळ रुतलं.

बाहेर लोक कानसेनची पाठ थोपटत होते. बारकीने त्याला खांबाआड ओढलं.

"संगीतकारांनी सांगितलं ना तुला? नंतर मन बदललं त्यांचं?"

खोटं बोलायची आयती संधी होती, पण त्याने ती घेतली नाही. "नाही. कुणी सांगितलं नाही. मीच तो सूर यंत्रावर ट्यून केला."

"तू?"

"शेवटच्या दिवशी. मिक्स देण्याआधी. मला वाटलं, लोक म्हणतील हिला सूर लागत नाही. मला माहीत आहे तो पीळ आहे, पण त्यांना कुठे माहीत आहे? तुझं पहिलंच गाणं. पुढे तुला कुणी गाणं दिलं नसतं… तीन जागा होत्या फक्त. केसभर सरकवलं. तुला कुणी हसू नये म्हणून केलं."

"तिला रंग लावून काळी केली," बारकी म्हणाली, "आणि मला तू गोरी केलीस."

तो पांढराफटक पडला. ती रडली नाही. रडू घरी आलं, उशीत तोंड खुपसून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

गाणं गाजलं. दुकानांत, रिक्षांत, शेजारच्या लग्नात तेच वाजत होतं. कोरसच्या मुलींनी तिला मिठ्या मारल्या. वस्तीतल्या पोरीसुद्धा ते सिनेमातल्यासारखं, सरळ सुरात गुणगुणू लागल्या. एकीला बारकीने पीळ घालून दाखवला, तर ती म्हणाली, "ताई, तुझं चुकतंय." त्या दिवसापासून बारकी गायची थांबली. स्टुडिओला निरोप पाठवला की घसा बसलाय.

तीन आठवड्यांनी कानसेन लाँड्रीत आला. दाढी वाढलेली, हातात छोटासा प्लेअर. वाफेत तो दारापाशीच घुटमळला.

"मी संगीतकारांकडे गेलो होतो. निर्मात्याकडेही," तो बारकीला म्हणाला. "मूळचा टेक माझ्याकडे आहे, तो लावा म्हटलं. ते म्हणाले, गाजलेल्या गाण्याला हात कोण लावतं? निर्मात्याने मला हाकलूनच दिलं." त्याने प्लेअर आईपुढे धरला. "हा तो टेक आहे. याला कुणीच हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही."

आईने ओले हात पदराला पुसले आणि हेडफोन कानाला लावले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मग तिचा चेहरा हळूहळू उघडत गेला. "हे बघ," ती बारकीला म्हणाली, हेडफोनमुळे जरा मोठ्यानेच, "ही तू आहेस." आणि डोळ्यांना पदर लावून ती आत निघून गेली.

दोघंच उरली. मधे टोपलीत एक ओली चादर होती.

"मला विचारायचं होतं ते…" तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"उत्तर?"

"त्या दिवशी जिन्यावर विचारलं असतंस तर हो म्हणाले असते. आजही मनातून तेच येतंय. तू परका असतास तर मी भांडले असते, विसरले असते. पण तू तो सूर जवळून ऐकला होतास रे. सगळ्यांत जवळून."

"मी शिकेन. पुन्हा कधी…"

"तू शिकशील. माझं काय? तुझ्यासमोर गायला तोंड उघडलं की मला वाटणार, याला हे चुकलेलं ऐकू येतंय. आत्ताच वाटतंय. आई आत आहे, चादर समोर आहे, आणि मला गाता येत नाहीये."

त्याने वाकून चादरीचं एक टोक उचललं. पण न विचारता पिळलं नाही. उचलून तिच्याकडे पाहत थांबला. बारकीने क्षणभर विचार केला आणि दुसरं टोक धरलं.

दोघांनी पिळायला सुरुवात केली, तिने इकडून, त्याने उलटं. आता त्याला बरोबर जमत होतं. एक पाऊल पुढे, आणखी एक. त्याची बाही मागे सरकली आणि तिला त्याचं मनगट दिसलं. लाँड्रीच्या भिंतीवरचं घड्याळ वस्तीतल्या सगळ्या घड्याळांसारखंच मागे होतं, चार वाजून दहा दाखवत होतं. सेकंदाला न चुकणाऱ्या त्याच्या घड्याळातही चार वाजून दहाच झाले होते.

तिने मान वर केली नाही. मुठींत वीतभर अंतर उरलं, पाणी टपटपून थांबलं, आणि गाणं काही आलं नाही. मग तिने चादर त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली.

"जा आता," ती म्हणाली.

तो गेला. दारात एकदा थांबला, पण मागे वळला नाही.

आई बाहेर आली, तेव्हा बारकी ती चादर तशीच छातीशी धरून उभी होती. आईने पुढची चादर उचलली, एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि स्वतःच सुरुवात केली, "पीळ गं सये, पीळ…"

बारकीने सूर मिळवायला बराच वेळ घेतला. शेवटच्या पिळाला तो आला, घसरला आणि आपल्या जागी थांबला.

"पाणी राहिलंय का?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "आता रडलीस तरी चालेल."