चुरमुऱ्यांचा ट्रक आणि वारखिंडीचा वारा

दोन ट्रक एकाच मापाचे होते. चाकं तेवढीच, मागची बंद पेटी तेवढीच उंच. तरीही वारखिंडीच्या नाक्यावरच्या यंत्रमानवाने एकाला हिरवा दिवा दाखवला आणि दुसऱ्याला लाल.

लाल दिवा हौसाआत्याच्या ट्रकला होता.

"सोडतोस की नाही?" आत्याने खिडकीतून तोंड बाहेर काढून विचारलं. हे तिचं तिसऱ्यांदा विचारणं होतं.

"आडवा वारा फार आहे. तुमचा ट्रक उलटेल," यंत्रमानव तिसऱ्यांदा म्हणाला. त्याच्या आवाजात कंटाळा भरलेला नव्हता, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटे.

"आणि तो साखरेचा नाही उलटणार? त्याला काय वाऱ्याने सोयरीक केलीये?"

साखरेच्या ट्रकचे चालक दस्तगीरचाचा कठड्याच्या आडोशाला चहा पीत होते. ते हसले. "हौसाबाई, चुरमुरे घेऊन निघालात आणि वाऱ्याशी भांडताय?"

आत्याच्या शेजारी बसलेली तिची भाची निशिगंधा मात्र हसली नाही. खिंडीपलीकडच्या गावात आज देवीची जत्रा होती. संध्याकाळच्या आरतीनंतर प्रसाद म्हणून चुरमुरे-बत्तासे वाटत, आणि दरवर्षी ते चुरमुरे आत्याच नेई. दुसरा रस्ता लांबचा. त्याने गेलं तर आरती होऊन लोक रिकाम्या हाताने घरी गेले असते.

"आमचा ट्रकसुद्धा गच्च भरलाय," निशी खाली उतरून म्हणाली. "रिकामा असता तर गोष्ट वेगळी."

"भरलेला असणं आणि जड असणं एक नव्हे," यंत्रमानव म्हणाला.

निशीला त्याचा राग आला. तिने पाण्याची बाटली संपवली आणि कठड्यावर ठेवली. वाऱ्याने ती पाडली. उचलून ठेवली, पुन्हा पाडली. वैतागून निशीने तिच्यात खाऊच्या पुडीतले चुरमुरे गळ्यापर्यंत भरले. भरलेली बाटलीही आडवी झाली.

"अरे, काय कटकट आहे!" ती ओरडली. तिने चुरमुरे परत पुडीत ओतले आणि नळाखाली बाटली पाव भरून घेतली.

आता बाटली उभी राहिली.

निशी तिच्याकडे बघत राहिली. बाटली तीच, वाराही तोच.

"वारा ढकलतो ते वस्तूच्या बाजूला," यंत्रमानव म्हणाला. "तुमच्या दोन्ही ट्रकांची बाजू सारखीच, म्हणून धक्का सारखाच. पण ट्रकला चाकांवर उभं धरतं ते त्याचं वजन. ते वजन कमी असेल, किंवा गुरुत्वमध्य (सगळं वजन जणू एकवटलेलं असतं तो बिंदू) उंचावर असेल, तर ट्रक लवकर कलंडतो. चुरमुऱ्यांच्या ट्रकात दोन्ही दोष आहेत. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो."

"हे आधीच सांगायला काय झालं होतं?" आत्या भडकली.

"तुम्ही फक्त 'सोडतोस की नाही', एवढंच विचारत होतात."

निशी साखरेच्या ट्रकाकडे वळली. "चाचा, तुमची पेटी वरपर्यंत भरलीये?"

"छे! साखरेची पोती कमरेइतकीच. वजनाची मर्यादा तिथेच संपते. वर नुसती हवा."

"मग अर्धी साखर आमच्या ट्रकच्या तळाशी टाका. आमचे अर्धे चुरमुरे तुमच्या हवेत. खिंड उतरलो की ज्याचं त्याला परत."

"माझा चहा व्हायचाय अजून," चाचा कुरकुरले. मग त्यांनी कप खाली ठेवला. "चला, प्रसाद मलाही लागतोच."

दोन्ही ट्रकांच्या यांत्रिक हातांनी पोती हलवली. साखर खाली, चुरमुरे वर, दोन्हीकडे वजन सारखं विभागून आणि पट्ट्यांनी घट्ट आवळून. यंत्रमानवाने वजनाचा काटा तपासला, तळाखाली वाकून पाहिलं आणि दोन्ही ट्रकांना हिरवा दिवा लावला.

"हळू चालवा. दोन्ही हात स्टीअरिंगवर. डोंगराची भिंत संपते तिथे वारा एकदम आदळेल. घाबरून स्टीअरिंग झटकू नका, ब्रेकही करकचून दाबू नका."

"मी वीस वर्षं ट्रक चालवतेय," आत्या पुटपुटली.

भिंत संपली आणि ट्रक बाजूला सरकल्यासारखा वाटला. निशीने दाराची कडी पकडली. आत्याने स्टीअरिंग अलगद वाऱ्याकडे धरलं, आणि ट्रक थरथरत का होईना, आपल्या पट्ट्यात राहिला.

उतार संपल्यावर साखर चाचांच्या ट्रकात आणि चुरमुरे आत्याच्या ट्रकात परत गेले. दोघी गावात पोचल्या तेव्हा आरती सुरू होत होती.

ओंजळभर प्रसाद खाताना निशी एकदम थांबली. "आत्या, उद्या आपण परत जाणार."

"मग?"

"ट्रक रिकामा असेल."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा तो ठोकळा! पुन्हा लाल दिवा!"

दुसऱ्या दिवशी नाक्यावर यंत्रमानवाने विचारलं, "रिकामा?"

"मागे बघ," आत्या म्हणाली.

ट्रकच्या तळाशी पाण्याची पिंपं ओळीने बांधली होती. पाणी डुचमळू नये म्हणून प्रत्येक पिंप काठोकाठ भरून झाकण लावलं होतं.

यंत्रमानवाने काटा पाहिला, पिंपांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या आणि हिरवा दिवा लावला. निशी खिडकीतून ओरडून म्हणाली, "मी मोठी झाले की ट्रकच्या पोटातच पाण्याची टाकी बसवणार. वारा वाढला की आपोआप भरणारी!"

"अर्धवट भरू देऊ नकोस," यंत्रमानव म्हणाला.

"माहितीये!" आत्या आणि निशी एकदमच ओरडल्या.