ज्याचा त्याचा फरक

"बूट काढा," तिनं मान वर न करता सांगितलं.

बाकावरच्या माणसानं निमूट काढला. मोजा खाली सरकवून ती थबकली... पाय शाबूत!

"दुसरा?"

"तोही आहे. पण तुम्ही म्हणत असाल तर—"

कृत्रिम पावलं बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तो पेशंट म्हणून नव्हे, तिनं बनवलेल्या नव्या पावलाच्या चाचणीचे आकडे तपासायला आला होता. दोघंही लाजले; तो जरा जास्तच. असा लाजणारा माणूस लक्षात ठेवावा, असं तिला वाटून गेलं.

तिचा जीव त्या पावलात अडकला होता. उद्या मंजुरी समितीच्या बैठकीत ते नापास झालं, तर साचे थेट भंगारात. प्रत्येक पेशंटनं जुनं आणि नवं, दोन्ही आठवडाभर वापरून गुण दिले होते; निम्म्यांनी नवं आधी. तिनं दोन वेगळे गट असल्यासारख्या दोन सरासऱ्या मांडल्या. फरक दिसत होता, पण गुणांच्या चढउतारात तो निव्वळ योगायोग वाटत होता.

"हे आजोबा कसे आहेत?" त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"महाखवट! दोन्हींना कमीच गुण."

"आणि या मावशी?"

"त्यांना सगळंच छान."

"मग आजोबांना मावशींशी कशाला भिडवता? तोच माणूस दोनदा, अशीच चाचणी आखलीये ना? आजोबांच्या नव्यातून आजोबांचंच जुनं वजा करा. खवटपणा आपोआप गळतो."

तो आकडे वाचत गेला, ती वजाबाक्या करत गेली. मध्येच नजरानजर... आणि एक वजाबाकी चुकली; ती पुन्हा केली. जवळजवळ प्रत्येकाचा फरक नव्याकडेच झुकत होता. त्या फरकांवर कसोटी लावली; आता योगायोग म्हणायला जागा उरली नाही.

तिनं कागद पुढे सरकवला. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"मी सही नाही करणार."

"का? चुकलंय?"

"बरोबर आहे. पण ते बरोबर निघावं असं... मला फार वाटायला लागलंय. तुमच्यासाठी. अशा माणसानं तपासू नये."

"हे उद्याची समिती झाल्यावर सांगता आलं नसतं?"

"आलं असतं. मग तुमच्या पावलावर कुणी विश्वास ठेवला नसता."

तिनं एकदा साच्यांकडे बघितलं. मग समितीच्या अध्यक्षबाईंना फोन लावला.

"मॅडम, उद्याचा विषय मागे घेते. तपासनीस बदलायचाय... हो, महिना जाईल, माहितीये. नाही, त्यांचं काही चुकलं नाही."

पलीकडून कारण विचारलं गेलं. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"त्यांना मी आवडते, मॅडम. आणि... मलाही ते."